मुंबईच्या नांवांतलें पाणी

गेल्या श्रावणांत आमचे एक विदर्भांतले स्नेही मुंबईस आले. गृहस्थ पदवीधर, वाचनाचे शोकी. परंतु मुंबई त्यांनीं आजवर स्टेशनापासून आप्तांच्या घरापर्यंत एवढीच पाहिलेली. चर्चगेट स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच त्यांनीं चहूंकडे नजर फिरविली आणि आम्हांस विचारलें, “प्रोफेसरसाहेब, यांतलें चर्च कोणतें आणि गेट कोणतें?”

आम्ही इतिहास शिकवितों, तेव्हां उत्तर ठाऊक होतें. चर्च म्हणजे सेंट थॉमसचें. तें १७१८ सालीं उपासनेस खुलें झालें, व तें स्टेशनापासून चांगलेंच दूर, हॉर्निमन सर्कलपाशीं उभें आहे. गेट म्हणजे इंग्रजांच्या कोटाचा एक दरवाजा. कोटास अपोलो, चर्च आणि बझार असे तीन दरवाजे होते. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळांत, तो कोट पाडला गेला. दरवाजा होता त्या जागेच्या आसपास १८६४ सालीं फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचें कारंजें बसलें. मूळ बेत तें भायखळ्याच्या राणीच्या बागेंत बसविण्याचा होता. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांच्या स्मारकामुळें तो चौक हुतात्मा चौक झाला. आणि स्टेशन? तें उघडलें १८७० सालीं. हें सांगतां सांगतां आमच्याच ध्यानांत आलें कीं, दरवाजा पडल्यावर त्या दरवाजाचें नांव घेऊन हें स्टेशन जन्मास आलें आहे!

स्नेही हंसले आणि म्हणाले, “तर मग आम्हांला मुंबईंत नसलेल्या वस्तूच दाखवा.” ही थट्टा आम्हीं मनावर घेतली. पुढचे चार दिवस त्यांच्यासह पायीं, बसमधून व लोकलमधून जी भ्रमंती झाली, तिचें फळ म्हणून हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबईंत नांवें दोन प्रकारचीं आहेत. एक प्रकार गव्हर्नरांचा व राजेरजवाड्यांचा. त्या नांवांवरून कोण कोणाची मर्जी संपादीत होता एवढेंच कळतें. दुसरा प्रकार लोकांच्या तोंडून आपोआप झालेला. पायधुणी, उमरखाडी, धोबीतलाव, चिंचपोकळी, बोरीबंदर या नांवांसाठीं कोणत्याहि सरकारनें ठराव केला नाहीं. दुसऱ्या प्रकारचीं नांवें जरा बारकाईनें वाचलीं तर त्यांत जागोजाग पाणी लागतें.

तें लागावें हें साहजिक आहे. हें शहर मुळांत सात बेटें. १५३४ सालीं तीं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आलीं, १६६१ च्या विवाहकरारान्वयें इंग्लंडच्या राजाकडे गेलीं, व १६६८ सालीं राजानें तीं सालिना दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलीं. (एवढ्या पैशांत आज त्या बेटांवर एक रात्र अंग टाकावयास जागा मिळणार नाहीं, ही गोष्ट अलाहिदा.) बेटांच्या मध्यें खाड्या होत्या. भरतीच्या वेळीं त्यांत समुद्र शिरे आणि ओहोटीच्या वेळीं चिखल उरे. तो चिखल तुडवून मुंबईच्या बेटावर येणारा मनुष्य जेथें पाय धुवी, ती पायधुणी. आज तेथें देवळें आहेत, मशिदी आहेत, दुकानें आहेत आणि अहोरात्र गर्दी आहे. पाय धुण्यास मात्र घोटभर पाणी नाहीं. जवळच्या उमरखाडींतहि आतां खाडी नाहीं.

समुद्राला बाहेर ठेवण्याचें मोठें काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडार विल्यम हॉर्नबी या गव्हर्नराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या बांधानें बंद झालें. त्यास वेलार्ड म्हणत. हा शब्द बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. इंग्रजांच्या दप्तरांत हें श्रेय गव्हर्नरास आहे. लोकांच्या दप्तरांत तें दुसऱ्याकडे जातें. बांध घालावा आणि समुद्रानें तो फोडावा, असें वारंवार होऊं लागलें. तेव्हां कामावरच्या रामजी शिवजी नांवाच्या प्रभु गृहस्थास देवीनें स्वप्नांत येऊन सांगितलें कीं, मला समुद्रांतून बाहेर काढ. मूर्ति सांपडल्या, देऊळ झालें, बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची ही कथा घरोघर सांगतात. आमच्यासारख्यांनीं ती इतिहास म्हणून वर्गांत सांगूं नये हें खरें. परंतु तो बांध कोणाच्या हातांनीं उभा राहिला याची आठवण गव्हर्नरच्या नांवापेक्षां या कथेनेंच जास्त राखली, असें आम्हांस वाटतें. पुढें माहीम व वांद्रें यांच्यामधील रस्ता १८४५ सालीं झाला. त्याकरितां लेडी अवाबाई जमशेटजी यांनीं १,५७,००० रुपये दिले.

बेटें जोडलीं गेलीं तेव्हां वाहनांस वाट मिळाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी, तिचे चौदा डबे व साहिब, सिंध, सुलतान हीं तीन इंजिनें, हें सर्व आमच्या वाचकांस पाठच आहे. त्या बोरीबंदरावरचें बंदर गेलें. तेथें उभें राहिलेलें भव्य स्टेशन प्रथम राणी व्हिक्टोरियाचें व १९९६ सालीं छत्रपतींचें झालें. तरी जुनीं माणसें अजून बोरीबंदरच म्हणतात. ट्रामची हकीकत मात्र इतकी सर्वश्रुत नाहीं, म्हणून ती थोडी विस्तारानें देतों.

ट्राम काढण्याची पहिली योजना १८६५ ची. अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस बंद पडला होता, इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबईंत ज्याच्या हातीं चार पैसे तो शेअरबाजारांत उभा होता. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर तर आभाळास भिडले होते. त्याच वर्षीं यादवी संपली, भाव कोसळले, कित्येक घरें बसलीं. आणि त्या धुळधाणींत ट्रामची योजनाहि बुडाली. अखेर ९ मे १८७४ रोजीं ट्राम धांवली ती घोड्यांची. एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस व दुसरा बोरीबंदराहून पायधुणीस. कंपनीपाशीं आरंभीं ९०० घोडे होते. कुलाबा ते पायधुणी भाडें तीन आणे. आणि गंमत अशी कीं तिकिट नव्हतें, पैसे नुसते हातांत द्यावयाचे. ज्या जागीं पूर्वीचा पांथस्थ चिखलाचे पाय धुवी, तेथपर्यंत आतां तो कोरड्या पायांनीं तीन आण्यांत जाऊं लागला. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली आणि हळूहळू घोड्यांना रजा मिळाली.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरास गेली. आमचे वडील विद्यार्थिदशेंत ट्रामनेंच हिंडले. पुढें आयुष्यभर ते बसच्या कंडक्टरला “दादर टी. टी.” असेंच सांगत, आणि तरुण कंडक्टरासहि तें बरोबर समजे. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. रूळ उखडले, खांब गेले, सरकारी पाटीवर चौकाचें नांव खोदादाद सर्कल आहे; तरी जिच्यांत आपण कधीं बसलों नाहीं त्या ट्रामचा मुक्काम मुंबईकर रोज सांगतो.

स्नेह्यांस सर्वांत नवल वाटलें तें मशीद बंदराचें. तेथली मशीद कोणती, हें विचारीत आम्ही सॅम्युअल स्ट्रीटवर गेलों तो पुढें आलें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर! कोंकणांतून आलेल्या, घरांत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचें हें मुंबईंतलें पहिलें मंदिर. कंपनीच्या फौजेंतील सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनीं तें १७९६ सालीं स्थापिलें. टिपूच्या कैदेंतून सुटल्याबद्दल कृतज्ञतेनें तें बांधलें, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. लोक त्यास जुनी मशीद म्हणत, व स्टेशनास नांव पडलें तें त्यावरून, असें म्हणतात. एकाच नांवांत यहुदी, मुसलमान आणि मराठी अशीं तिन्ही बिऱ्हाडें सुखानें नांदत आहेत.

कांहीं ठिकाणीं तर नांवानेंच वस्तु परत आणली आहे. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डाचा, तो युवराज असतांनाचा, १८७९ सालीं बसविलेला अश्वारूढ पुतळा. १९६५ सालीं तो हलविला व भायखळ्याच्या बागेंत ठेविला. परंतु लोकांनीं स्वाराचें नांव कधीं घेतलेंच नव्हतें. त्यांच्या लेखीं तेथें एक घोडा होता, तो काळा होता. पुतळ्यावांचून तें नांव अर्धशतक टिकलें, आणि २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविला गेला. या खेपेस स्वार नाहीं! लोकमताचा इतका तंतोतंत अंमल आम्हीं अन्यत्र पाहिला नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें थोडें अप्रिय आहे. एलफिन्स्टन रोड स्टेशन २०१८ सालीं प्रभादेवी झालें, याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं. परंतु २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें इंग्रजी अमदानींतलीं म्हणून आणखी जीं स्टेशनांचीं नांवें बदलण्यास संमति दिली, त्यांत चर्नी रोडहि आहे. त्याचें गिरगांव करावयाचें आहे. गिरगांव हें नांव जुनें व गोड, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु चर्नी हा शब्द इंग्रजांचा आहे काय? कंपनी सरकारनें १८३८ सालीं गुरें चारण्यावर कर बसविला. गरिबांस तो देववेना. तेव्हां जमशेटजी जीजीभाई यांनीं वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ कुरण विकत घेतलें व तें विनामूल्य चरणीसाठीं मोकळें केलें, असें सांगतात. त्या चरणीवरून चर्नी. सरकारी कराविरुद्ध एका नागरिकानें केलेल्या दानाची जी खूण, तीच सरकारी खूण समजून पुसावयाची, हा कोणता न्याय? नांवें जरूर बदलावीं. परंतु बदलण्यापूर्वीं तीं एकदां वाचावीं तरी.

हा केवळ भाषेच्या हौसेचा प्रश्न नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हां ही नगरी कशावर उभी आहे हें सर्वांस एकदम आठवलें. भराव घातलेला भाग सखल. भरती आणि मुसळधार एका वेळीं गांठलीं कीं गटारांचें पाणी समुद्र घेत नाहीं, तें रस्त्यावर थांबतें. ती रात्र आम्हीं परळांत एका परक्या कुटुंबाच्या ओटीवर काढली. त्या माउलीनें आम्हांस चहा व वाळलेलें धोतर दिलें. नकाशे आखणाऱ्यांनीं व इमारतींना परवानगी देणाऱ्यांनीं खाडी, तलाव आणि बंदर या शब्दांवर जरा थबकावें, असें तेव्हांपासून आम्हांस वाटत आलें आहे.

चौथ्या दिवशीं परतीच्या गाडीपूर्वीं स्नेह्यांस पायधुणीस नेलें. तिसऱ्या प्रहरीं पावसानें जी झोड उठविली ती दिवेलागणीपर्यंत. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलों. रस्त्यावर घोट्याएवढें पाणी झालें. हातगाडीवाल्यांनीं पायजमे वर खोंचले. गाडीची वेळ होत आली तेव्हां स्नेह्यांनीं मुकाट्यानें वहाणा हातांत घेतल्या आणि त्या पाण्यांत पाय टाकला.