बिनडोळ्यांची कोळंबी

१९८५ साली पीटर रोना या अमेरिकी भूशास्त्रज्ञाच्या चमूला अटलांटिकच्या मधोमध, सुमारे ३,६०० मीटर खोल, समुद्रतळावरची धुराडी सापडली. तळाच्या भेगांमधून ३५० अंशांच्या आसपास तापलेलं, खनिजांनी काळं झालेलं पाणी तिथून धुरासारखं उसळत असतं. पॅसिफिकमध्ये ती आधी सापडली होती, अटलांटिकमध्ये असतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. आणि या धुराड्यांच्या अंगावर थरच्या थर वळवळत होत्या बोटभर कोळंब्या. पुढच्याच वर्षी त्यांचं बारसं झालं : रिमिकॅरिस एक्सोक्युलाटा. एक्सोक्युलाटा म्हणजे डोळे काढून घेतलेली. डोक्यावर डोळ्यांचे देठ नव्हते, म्हणून.

सिंडी व्हॅन डोव्हर तेव्हा पीएचडी करत होती. खोल पाण्यातलं चित्रीकरण बघताना तिला या कोळंब्यांच्या पाठीवर दोन चकचकीत पट्टे दिसले. तेच फुटेज इतरांनीही बघितलं होतं! (लॉगमध्ये आठवडाभर डोळ्यांसमोर पडलेला बग मला कितीदा दिसलेला नाही, त्यामुळे मी कुणाला हसणार नाही.) तपासल्यावर कळलं, पट्ट्यांखालून मज्जातंतू थेट मेंदूकडे जातात आणि आपल्या डोळ्यांत असतं त्याच जातीचं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य तिथे ठासून भरलंय. भिंग नाही, म्हणजे चित्र उमटणार नाही. पण अगदी मंद उजेड जाणवेल. १९८९ मध्ये हा शोध छापून आला.

पण सूर्यकिरण पोचत नाहीत तिथे उजेड कसला? १९८८ मध्ये पॅसिफिकमधल्या एका धुराड्यासमोर ‘अल्विन’ पाणबुडीने आपले दिवे मालवले आणि संवेदनशील कॅमेरा लावला. धुराड्याचं तोंड अंधुक चमकत होतं. या कोळंबीचं पोट धुराड्याच्या रसायनांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर चालतं. लांब गेली तर उपाशी, फार जवळ गेली तर उकडून निघणार. ते अंतर ती या उजेडावरून जोखत असावी, असा तर्क आहे.

मग १९९९ मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांनी विचारलं : पाणबुड्यांच्या फ्लडलाइटनी आपण यांना आंधळं तर करत नाही ना? वर आणलेल्या प्रौढ कोळंब्यांच्या पाठीवरचे डोळे आतून खराब झालेले होते. मंद चमक टिपायला घडलेला डोळा, आणि त्यावर आपण हजारो वॅट मारलेले.

पुढच्याच वर्षी जपानी चमूला हिंदी महासागरातलं पहिलं धुराडं दिसलं. तिथेही कोळंब्यांचे थवे; २००२ मध्ये त्यांना रिमिकॅरिस कैरेई हे नाव मिळालं. याच महासागरात धुराड्यांभोवती साचणारे तांबं-जस्ताचे सल्फाइड शोधण्यासाठी भारताने २०१६ मध्ये करार केला. वास्कोच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राने चेन्नईच्या संस्थेसोबत डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका जिवंत धुराड्याचा फोटो मिळवला, ४,५०० मीटर खोलीवरून. मीही तो झूम करून बघितला. त्यातला उजेड आपल्या यंत्राचा आहे.