विकत घेतलेली स्पर्धा

परदेशी भांडवल आलं की स्पर्धा वाढते, असं १९९१ नंतरच्या पिढीने ऐकलं. ते आलं की देशी उद्योग बुडतो, असं त्याआधीच्या पिढीने. दोन्ही पिढ्यांनी पैशाचा पासपोर्ट तपासला. हा पैसा नवं दुकान थाटायला आला आहे की चालतं दुकान विकत घ्यायला, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते स्पर्धेचं बरंवाईट ठरतं ते याच प्रश्नावर, आणि भारतातल्या कोल्ड्रिंकच्या धंद्याइतकं त्याचं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण. १९९० ते १९९३ एवढ्या चारच वर्षांत एकाच बाजाराने दोन्ही प्रकारचं परदेशी भांडवल पाहिलं.

त्याची पूर्वपीठिका १९७७ ची. १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं होतं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोलाने ती अट आणि पेयाची कृती उघड करण्याची मागणी नाकारून गाशा गुंडाळला. मोकळ्या जागेत सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने ‘डबल सेव्हन’ आणलं, कोकच्या बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने ‘कॅम्पा कोला’, तर मुंबईच्या पार्लेने ‘थम्स अप’. त्यांत थम्स अप जिंकलं. तिखटसर चव, लिमका आणि गोल्ड स्पॉटसारखी भावंडं, आणि पानटपरीपर्यंत क्रेट पोचवून रिकाम्या बाटल्या परत आणणारं बॉटलरांचं जाळं, ही त्याची ताकद. पण हा काळ स्वदेशीचं सुवर्णयुग म्हणून रंगवायचं कारण नाही. निम्म्याहून मोठा बाजार एकट्या पार्लेकडे गेला होता. मक्तेदारीकडे झुकायला कुणी परदेशीच असावं लागतं असं नाही.

ती सुस्ती मोडली पेप्सीने. १९८८ साली मिळालेल्या परवानगीला अटींचं लटांबर होतं: पंजाब सरकारचं महामंडळ आणि टाटांची व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारी, फळं-भाज्यांवर प्रक्रिया, निर्यात, आणि नावापुढे ‘लेहर’. या अटी किती पाळल्या गेल्या हा वेगळा वाद. स्पर्धेच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की ‘लेहर पेप्सी’ १९९० मध्ये बाजारात उतरली ती कुणाला विकत घेऊन नव्हे, तर स्वतःची बाटली घेऊन. थम्स अपने ‘महाकोला’ म्हणून ३०० मिलिलिटरची मोठी बाटली काढून तिला उत्तर दिलं. गिऱ्हाइकाच्या हाती जादा पेय पडलं. मोटारींच्या धंद्यात सुझुकीने याआधी हेच घडवलं होतं. २६ टक्के हिस्सा घेऊन ती सरकारी मारुती उद्योगात आली, डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ रस्त्यावर आली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीला व बंगालच्या अँबॅसडरला इतक्या वर्षांत प्रथमच कुणाची तरी भीती वाटली.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली तेव्हा तिने उलटा रस्ता धरला. थम्स अप, लिमका, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही पार्लेची नावं तिने घेतली. त्याच काळात परदेशी मालकीच्या हिंदुस्थान लिव्हरने टाटांची टोमको, म्हणजे हमाम साबणवाली कंपनी, आपल्यात विलीन करून घेतली, आणि १९९४ मध्ये चेंबूरच्या ‘ड्यूक्स’ची पेयं पेप्सीकडे गेली. हे सौदे रोखायचे की नाही हा पुढचा प्रश्न. ते आधी तपासण्याची सक्तीच उरली नव्हती. १९६९ च्या एमआरटीपी या मक्तेदारीविरोधी कायद्यात बड्या उद्योगांच्या विलीनीकरणाला सरकारची पूर्वपरवानगी लागे. १९९१ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. टोमकोच्या विलीनीकरणावरचा कामगार संघटनांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवलं. सरकारने परदेशी भांडवलाला दार उघडलं आणि त्याच हाताने दारावरचा पहारेकरीही घरी पाठवला.

यावर पहिलं उत्तर असं येतं, की विकणारा राजीखुशीने विकत होता. खरं आहे. पण दोन दुकानदारांची राजीखुशी ही गिऱ्हाइकाची संमती नसते, आणि विलीनीकरणाचा कायदा असतो तो याच तिसऱ्या माणसासाठी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थम्स अप मेलं कुठे? ते तर आजही जोरात खपतं. होय, ब्रँड जगला (गोल्ड स्पॉट मात्र फँटासाठी जागा करून देत हरपलं). पण कोकविरुद्ध भाव ठरवणारा स्वतंत्र मालक गेला. एकाच घरातल्या दोन बाटल्या एकमेकींशी लढतात त्या मालकाला परवडेल तेवढ्याच. राहिला कोक-पेप्सीच्या जाहिरातयुद्धाचा दाखला. ते युद्ध खरंच होतं, पण दोघांच्या आखाड्यात तिसऱ्याला उतरता येत नव्हतं, कारण बॉटलर आणि दुकानातले फ्रीज दोघांनी वाटून घेतले होते. क्षीण झालेलं कॅम्पा पुन्हा उभं राहिलं ते २०२३ मध्ये, रिलायन्सने ते विकत घेतल्यावर. तिसरा गडी व्हायला आता एवढ्या पैशाची आणि स्वतःच्या दुकानांची साखळी असलेला मालक लागतो.

घरी पाठवलेल्या त्या पहारेकऱ्याच्या जागी आलेला स्पर्धा कायदा २००२ चा. त्यातली विलीनीकरणाची कलमं प्रत्यक्षात लागू झाली १ जून २०११ ला. त्यातही, जिची खरेदी होते ती कंपनी २५० कोटींपर्यंतच्या मालमत्तेची किंवा ७५० कोटींपर्यंतच्या उलाढालीची असेल, तर सुरुवातीपासून सूट होती. पार्लेच्या त्या नावांची सांगितली जाणारी किंमत होती सुमारे ६ कोटी डॉलर, म्हणजे १९९३ च्या दराने २०० कोटी रुपयांच्या आत. तेव्हा नवा पहारेकरी दारावर असता, तरी तो सौदा बहुधा न तपासताच आत गेला असता.