पोटातल्या ठोक्यांचा कौल

कोकणात अडलेला माणूस देवाला कौल लावतो. पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु यंत्राने मोजलेल्या आकड्यालाच जेव्हा कौलाची पाकळी केले जाते, तेव्हा त्या आकड्याचा इतिहास तपासणे हे आपणा सर्वांचे काम होते.

आमच्या कर्जत-खालापूर भागात सोनोग्राफीचा कागद घरी आला की गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आकडा आधी शोधला जातो. मुलगा की मुलगी हे त्या कागदावर लिहिण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून ते ठोक्यांतून वाचायचे. मिनिटाला १४०च्या वर असतील तर मुलगी, खाली असतील तर मुलगा! खोपोलीच्या कामगार चाळींत आणि कर्जत लोकलच्या डब्यातही हा हिशेब मी ऐकला आहे. पुष्कळांना तो आजीबाईंचा वाटतो. वस्तुतः तो आजीबाईंचा नाही, एका जर्मन डॉक्टरचा आहे.

आजीबाईंचे ठोकताळे निराळे होते. मुलगा उजव्या कुशीला, मुलगी डाव्या कुशीला, ही समजूत चरकसंहितेत आहे आणि ग्रीसमधील हिप्पोक्रॅटिसच्या नावावरील सूत्रांतही आहे. ठोके मोजण्याची सोय मात्र तेव्हा कोठेच नव्हती. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक या डॉक्टराने छाती ऐकण्याची नळी शोधली. १८१८ साली जिनिव्हाच्या मायर यांनी आईच्या पोटाला कान लावून बाळाचे हृदय ऐकल्याचे नोंदले. १८२१ साली केरगारादेक यांनी लेनेकची नळी गर्भवतीच्या पोटावर ठेवली. त्यांना पोटातील पाण्याचा आवाज ऐकायचा होता. ऐकू आली ती घड्याळासारखी भराभर टिकटिक. या आवाजाला त्यांनी प्रश्न विचारले, ते असे: बाळ जिवंत आहे काय? सशक्त आहे काय? जुळे तर नाही? प्रश्न बाळाच्या जिवाचे होते.

पुढे १८५९ साली जेना येथील फ्रांकेनहॉयझर यांनी निराळाच प्रश्न विचारला. त्यांनी ठोके मोजून सांगितले की मुलाची सरासरी १२४ आणि मुलीची १४४. इतर डॉक्टर मोजू लागले, वाद माजला, आणि नियम टिकला नाही. शास्त्राने टाकून दिलेला तो आकडा लोकांनी मात्र उचलून ठेवला.

तो का टिकला नाही, हे समजण्यास मोठी विद्या नको. गर्भाचे ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमारास ११०च्या आसपास असतात, नवव्या आठवड्याच्या सुमारास १७०पर्यंत चढतात आणि पुढे उतरत जाऊन ११० ते १६०मध्ये राहतात. बाळ हलले की वाढतात, निजले की उतरतात, आईला ताप आला तरी चढतात. म्हणजे या हिशेबाने एकच बाळ तिसऱ्या महिन्यात मुलगी आणि नवव्या महिन्यात मुलगा ठरेल! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत साडेसहाशेहून अधिक गर्भांचे पहिल्या तिमाहीतील ठोके तपासले. मुलांची सरासरी सुमारे १६७, मुलींचीही १६७.

मग हा अंदाज बरोबर येतो कसा? डोळे मिटून सांगितले तरी दोनांत एकदा बरोबरच येणार. बरोबर आलेला अंदाज बारशात दहादा सांगितला जातो. चुकलेला कोणी काढीत नाही.

परंतु ठोके खोटे सांगतात एवढे म्हणून थांबता येत नाही. खरे सांगणारे यंत्र आले तेव्हा आपण काय केले? महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे सहा वर्षांखालील मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली त्या ८०७ होत्या. आपल्या रायगडचा आकडा ९३५, म्हणून आपण पाठ थोपटून घेऊ नये. दहा वर्षांपूर्वी तो ९३९ होता. सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ हे नाव लागलेल्या २८५ मुलींना २०११ साली नवी नावे देण्यात आली. नको असलेली ती मुलगी जन्माला तरी आली. जी आली नाही तिचे नावही नाही.

याच महाराष्ट्राने चळवळीच्या रेट्यामुळे १९८८ साली लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली तो देशासाठी झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. कायदा डॉक्टरचे तोंड बंद करू शकतो, घरातल्या तोंडांना तो काय करणार? ‘ठोके जास्त आहेत, मुलगीच दिसते’ असे कोणी सहज म्हणते, आणि त्या दिवसापासून सुनेच्या ताटातले दूध कमी होते, बोल वाढतात, चोरून चालणाऱ्या यंत्राचा पत्ता शोधला जातो. आणि ज्या गोष्टीसाठी तिला बोल लावायचे, ती तिच्या हातातही नाही. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे १९०५ सालीच अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी दाखवून दिले.

१९२९ साली मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी देशातला पहिला प्रसूति-लाभ कायदा झाला. बाळंतिणीला पैसे देताना मुलगा की मुलगी असे त्या कायद्याने विचारले नाही. कामगारांना लढून मिळालेल्या कायद्याला जे कळले, ते आपल्या उंबऱ्याच्या आत कळू नये काय?

ठोक्यांचा आकडा निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटातले ठोके ११०च्या खाली उतरून तसेच राहिले, अथवा १६०च्या वर टिकले, तर बाळ संकटात असू शकते. आमच्या डोंगरातल्या वाड्यांवरून बाईला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. तेथे नर्सबाईंनी वेळेवर मोजलेला हा आकडा दोन जीव वाचवू शकतो. म्हणून कागद हाती आला की आकडा अवश्य पाहा. फक्त दोनशे वर्षांपूर्वीचा पहिला प्रश्न विचारा: बाळ बरे आहे ना?