नायकरचना, संगणकीय भूमिकाखेळांतील

संगणकीय भूमिकाखेळात, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बोलीतल्या ‘आरपीजी’त, खेळाडू ज्या पात्राच्या रूपाने वावरतो त्याची घडण. ते पात्र कोण, त्याला काय येते आणि मुख्य म्हणजे काय ठाऊक नाही, यावर गोष्टीची वाट ठरते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या फासे-कागदाच्या खेळापासून चालत आलेल्या रीतीत खेळाडू आपला नायक स्वतः घडवतो. त्यामुळे कथेला त्याच्या घरादाराविषयी फारसे बोलता येत नाही. उलट ‘द विचर ३’मधला (२०१५) गेराल्ट कादंबऱ्यांतून घडून आलेला. पोटच्या पोरीसारख्या सिरीचा शोध कथेला आयता मिळतो, खेळाडूकडे उरतात ते निर्णय. नायकाची घडण हेच खेळाचे ध्येयही असू शकते: रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’मध्ये (१९८५) कोणा दैत्याला मारायचे नसून आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे असते. मंत्रसामग्री विकणारी आंधळी बाई दाम मोजण्याचे काम खेळाडूवरच सोपवते. कमी नाणी ठेवली तरी सौदा होतो, पण प्रामाणिकपणा घटतो.

‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ (१९९९) हा या कलेचा सर्वांत भरीव नमुना. नायक शवागारात जागा होतो. नाव आठवत नाही, मरणही टिकत नाही. पाठीवर गोंदलेला मजकूर त्याला स्वतःला दिसत नाही. एक बोलकी कवटी तो वाचून दाखवते. मरणाची भीतीच गेल्यावर ‘मी पूर्वी कोणाकोणाचे वाटोळे केले?’ हा प्रश्न कथेचा कणा होतो.

अशी उणीव घेऊन निघालेला नायक आपल्या संतकथांनाही नवा नाही. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. आख्यायिकेत संत गोरोबाकाका कुंभार थापटण्याने संतांची डोकी पारखतात आणि विठ्ठलाच्या लाडक्या नामदेवांनाच कच्चे मडके ठरवतात. तो सल त्यांना औंढा नागनाथला, पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांपुढे, त्यांच्या भावी गुरूंपुढे, आणतो. नामदेव आधीच पक्के असते, तर ही वाट त्यांनी धरलीच नसती.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नव्हे, साहसखेळ आहे, तरी नायिकेच्या घडणीसाठी तो इथे नोंदवायलाच हवा. राजी कसरती करणारी मुलगी, म्हणून तिचे लढणेही भिंतीवरून धावण्याचे, खांबाभोवती गिरकी घेण्याचे. असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू तिला परत आणायचा आहे. जगाचे रक्षण त्यामागून येते. दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, पण लढणारी राजीच. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले होते.