कंपवाताच्या रुग्णाचं मनही खचतं. घरच्यांनी काय ओळखायचं?

कुपवाड : हात थरथरणं, चाल मंद होणं, सही बारीक होत जाणं ही पार्किन्सन म्हणजे कंपवाताची लक्षणं आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहेत. पण याच आजारात माणूस आतून खचतो, त्याला नैराश्य येतं, हे मात्र घरात बोललं जात नाही. ‘वय झालंय, आता असंच व्हायचं’ असं म्हणून विषय संपवला जातो. जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज असा, की कंपवाताच्या साधारण दर तीन रुग्णांमागे एकाला नैराश्याचा त्रास होतो. त्यातल्या बऱ्याच जणांवर उपचार होतच नाहीत, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असं त्यांनी लिहिलं होतं. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं हा फक्त हातापायांचा आजार समजला गेला. आज तसं कुणी डॉक्टर मानत नाहीत.

मेंदूतच बिघाड, मग मन कसं सुटेल?

कंपवातात मेंदूतल्या डोपामीन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. डोपामीन हालचालीला लागतं, तसंच एखादं काम करावंसं वाटायला, त्यात गोडी वाटायलाही लागतं. त्याच्या जोडीने मन स्थिर ठेवणारी सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन ही रसायनंही कमी पडतात. म्हणजे ‘आजार झाला म्हणून बिचारा नाराज आहे’ एवढंच हे नाही. नैराश्य हा त्या आजाराचाच एक भाग आहे. काही जणांत तर हात थरथरायच्या कितीतरी आधी, काही वर्षं आधीही, उदासी सुरू होते. म्हणून ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’ एवढ्याने ते जात नाही. देवाचं नाव घेऊ नये असं नाही, पण औषधाची जागा ते घेत नाही.

वर लोकांची नजर असतेच. एमआयडीसीत तीस वर्षं मशीनवर हात चालवलेल्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही. पेन्शन काढायला बँकेत गेलं तर सही जुळत नाही. तोल जातो तेव्हा रस्त्यावरचे म्हणतात, ‘सकाळीच प्यायलाय.’ चहा सांडेल म्हणून माणूस लग्नाला जाणं टाळतो, मग भजनाला, मग कट्ट्यावरसुद्धा.

ओळखणं अवघड का जातं

कंपवातात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो. त्यामुळे आनंदात असलेला रुग्णही दुःखी दिसतो, आणि खरोखर खचलेला असेल तर तो ‘आजारामुळं तसा दिसतो’ म्हणून सुटून जातो. झोप न लागणं, भूक मंदावणं, थकवा हे दोन्हींत असतं. शिवाय काही जणांत फक्त निरिच्छा असते : दुःख नसतं, रडू नसतं, पण काहीच करावंसं वाटत नाही. तो आळस नव्हे आणि प्रत्येक वेळी नैराश्यही नव्हे. फरक डॉक्टरांनीच करायचा.

म्हणून चेहरा बघू नका, विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत, नातवंडांत, टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये, शेतात चक्कर मारण्यात गोडी उरली आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर चिंतेचं आलं, तरी डॉक्टरांना सांगायला हवं. ‘मी तुम्हाला ओझं झालोय’, ‘आता सुटलो तर बरं’ अशी वाक्यं हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा घरात द्राक्षबागेची, उसाची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

औषधांचं काय

काही रुग्णांचं मन घड्याळाप्रमाणे वरखाली होतं. लेव्होडोपाच्या गोळीचा असर उतरला की घाबरटपणा आणि उदासी, पुढची गोळी लागू पडली की बरं. असं असेल तर कधी कधी गोळ्यांच्या वेळा बदलूनच फरक पडतो. ही गोळी जेवणाच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घेतलेली बरी, कारण डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे काहींना ती नीट लागू पडत नाही. वेळ मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नैराश्याच्या वेगळ्या गोळ्याही मिळतात. त्या सहसा सवय लावणाऱ्या नसतात, पण असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त. कंपवाताची कुठलीच गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. अंग ताठरून, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. काही गोळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, शिवाय मानसिक आजारावरची काही औषधं आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाइडसारखी गोळी कंपवात वाढवते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे, साध्या तापासाठी गेलात तरी, ‘पार्किन्सन आहे’ हे आधी सांगा. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, पण गोळीच्या जोडीला ती पूड घेतली तर डोस किती झाला हे कुणालाच कळत नाही.

गोळीइतकंच हालचालीला महत्त्व आहे. रोज चालणं, हातपाय ताणणं, टाळ वाजवत भजन म्हणणं, जमेल ते. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि घरच्यांना एकत्र आणतं. आपल्यासारखाच दुसरा कुणी आहे, हे कळणंही मोठं असतं. सांभाळणारी बायको किंवा सून रात्र रात्र जागते, तिचंही मन तपासून घ्या.

कुठे जायचं

कुपवाडकरांना मिरज जवळच. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जायच्या आधी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सगळी न्या, आणि आठवडाभर कोणत्या वेळी मन बरं, कोणत्या वेळी खचलेलं, हे वहीत लिहून न्या. थायरॉइड आणि बी-12 ची तपासणी झाली आहे का, तेही विचारा; त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच सुस्त आणि उदास होतो, आणि त्यावर उपाय सोपा आहे.