ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा

ग्वाल्हेरला गेलेल्या आपल्या बायका गोपाचलावरच्या उंच जिनमूर्तींचं दर्शन घेतात, शिंद्यांचा महाल पाहतात आणि परततात. याच शहरात संस्थानी काळात, १९३५ साली, मानसिक आरोग्यशाळा सुरू झाली. तिकडे सहसा कुणाची पावलं वळत नाहीत.

त्याच सुमारास युरोपात मेंदूचा शोध चालू होता. जर्मनीतल्या येना गावचे डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते छापून जाहीर केलं. आज आपण ईईजी म्हणतो तो हाच. पण तेव्हा स्किझोफ्रेनियावर गुणकारी औषध नव्हतं. क्लोरप्रोमाझिन आलं १९५२ मध्ये. तोवर रुग्णाला कोंडून ठेवणं, हाच बहुतेक ठिकाणचा इलाज.

पुढं या लहरींनी एक मोलाची गोष्ट दाखवली. एकसारख्या आवाजात मध्येच वेगळा आवाज आला, की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. स्किझोफ्रेनियाच्या पुष्कळ रुग्णांत ती लहान असते. म्हणजे महत्त्वाचं कोणतं नि बिनमहत्त्वाचं कोणतं, हे निवडणंच मेंदूला जड जातं. आपण मात्र म्हणतो, "ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, नाटकं आहेत सगळी!" तर बायांनो, हे नाटक नव्हे. अर्थात नुसत्या ईईजीवरून या आजाराचं निदान होत नाही. डॉक्टरांना रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलावंच लागतं.

औषधं आली, तरी माणुसकी आपोआप आली नाही. ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ मध्ये न्यायालयानं आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर इथल्या संस्थांवर देखरेख ठेवायला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सांगितलं. २०१७ च्या कायद्यानं तर रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली. घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणानं कुणाला तिथं ठेवता येत नाही, हेही त्यात लिहिलं आहे.

हे कलम बाईच्या वाट्याला जास्त येतं. नवरा आजारी पडला तर बायको सांभाळते. बायको आजारी पडली तर पुष्कळदा तिला माहेरी धाडतात, आणि माहेरी भावजय दार धरून उभी! म्हणून घरात कुणाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, भलते संशय येऊ लागले, तर नवस-उतारे करत वर्षं घालवू नका, लवकर डॉक्टरांकडे न्या. आणि ती बरी होऊन आली, की तिचं ताट नेहमीच्या पंगतीतच मांडा.