घाटउतारावरील वाहनचालन

घाटउतारावरील वाहनचालन : सह्याद्रीच्या माथ्यावरील देश आणि पायथ्याचे कोकण यांना जोडणाऱ्या, तीव्र उताराच्या व आंधळ्या वळणांच्या मार्गांवरून मोटार, मालट्रक, बस वा दुचाकी नियंत्रित वेगाने खाली आणण्याची विद्या. बोर, थळ (कसारा), माळशेज, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा व आंबोली हे अशा मार्गांतील प्रमुख घाट होत. चढणीवर यंत्राचे बळ कसास लागते, उतरणीवर चालकाचा विवेक; आणि उतरणीचा वेग माथ्यावरच ठरवावा लागतो, हे या विद्येचे आद्य सूत्र आहे.

पूर्वपीठिका : बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला, १८६३ मध्ये त्याच डोंगरातून लोहमार्ग निघाला आणि २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. या घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका सर्वश्रुत असून त्याच्या देवळापाशी नाणे वाहण्याची चाल चालकांत आजही आहे. लोहमार्गाचा कमाल उतार ३७ फुटांस १ फूट एवढा असल्याने, खाली निघालेली गाडी आधी थांबवून तिचे ब्रेक तपासण्याचा शिरस्ता रेल्वेने घालून दिला व ताबा सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवण्यासाठी स्वतंत्र फाटेही बांधले. रस्त्यावर मात्र तपासनीस, इशारा देणारा आणि चालक या तिघांची कामे एकाच माणसाच्या शिरावर येतात.

उताराचे शास्त्र : उंचीवरील प्रत्येक वस्तूत स्थितिज ऊर्जा साठलेली असते आणि वाहन वेग न वाढवता उतरवायचे, तर त्या ऊर्जेची उष्णता करून ती हवेत सोडावी लागते. १,५०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर खाली आली, म्हणजे २० अंश तापमानाचे सुमारे २२ लिटर पाणी उकळीस आणील एवढी ऊर्जा मुक्त होते. १५ टनांच्या भरलेल्या मालट्रकच्या बाबतीत हेच पाणी सुमारे २२० लिटर होईल. हवेचा विरोध व टायरांचे घर्षण यांत जाणारा अंश वगळता हा सारा भार केवळ ब्रेकवर टाकला, तर लायनर तापून त्यांची पकड ढिली होते; ब्रेकचे तेल उकळून नळीत वाफ धरली, तर पायाचा दाब त्या वाफेला दाबण्यातच खर्च होतो आणि पॅडल तळाला जाते. ज्याला लोक ‘ब्रेक फेल झाले’ म्हणतात, त्या दुर्घटनेचा आरंभ पुष्कळदा असा कित्येक वळणे आधी झालेला असतो.

म्हणून उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ‘ज्या गिअरात गाडी चढते, त्याच गिअरात उतरवावी’ हा जुन्या चालकांचा दंडक आजही मार्गदर्शक आहे. मात्र अलीकडची जोरकस इंजिने वरच्या गिअरातही घाट चढतात, म्हणून वेग वाढू लागताच आणखी खालचा गिअर घ्यावा. ब्रेकवर पाय सतत ठेवू नये. तो ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि सोडावा. डिझेल वाचवण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रल करून सोडणे किंवा इंजिन बंद करणे हा आत्मघात होय, कारण त्यायोगे इंजिनची ओढ तर जातेच, शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारे यांत्रिक साहाय्यही लवकरच नाहीसे होते. पायथ्याशी उभ्या मालट्रकच्या चाकांतून धूर निघत आहे, जळक्या लायनरचा उग्र दर्प पसरला आहे आणि क्लीनर चाकाखाली दगड लावीत आहे, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. अशा तापलेल्या ड्रमवर थंड पाणी ओतू नये, तो तडकण्याचा संभव असतो. गाडी सावलीला थांबवून तो आपोआप निवू द्यावा.

वळणे, पाऊस व धुके : ताशी ६० किमी वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते आणि ताशी ४० च्या तुलनेत त्याची गतिज ऊर्जा सव्वादोन पट असते, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, डावी बाजू सोडू नये आणि ओलांडून जाण्याचा मोह टाळावा. लांब वाहनाची मागील चाके पुढील चाकांहून वळणाच्या आतील अंगाने जातात, म्हणून दुचाकीस्वाराने त्या अंगाला शिरू नये. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास अग्रक्रम देण्याचा नियम आहे. तो सौजन्याचाही आहे, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणे कष्टाचे असते. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ यांचा निसरडा थर होतो; धुक्यात प्रखर दिवे धुक्यावरूनच परततात, म्हणून ते डिम ठेवावेत. दरड कोसळत असेल तेथे धबधबा पाहण्यासाठीही थांबू नये.

कुटुंबाची सुरक्षितता : माथ्यावर निर्णय घेण्याचे हेच सूत्र घराच्या दारापासून लागू होते. आईच्या मांडीवरील १० किलोचे मूल ताशी ४० किमी वेगातील मोटार एकदशांश सेकंदात थांबली, तर सुमारे ११० किलो वजनाइतक्या जोराने पुढे फेकले जाते. हा जोर कोणतीही ममता हातांनी पेलू शकत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील बालकास पट्टा अथवा बालासन नसल्यास दंड होतो. चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास शिरस्त्राण सक्तीचे आहे. त्याहून लहान बालकासाठी सुरक्षापट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किमी ही वेगमर्यादा २०२२ च्या नियमाने ठरवली आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक व वाहनमालक जबाबदार धरले जातात. सद्भावनेने जखमीस मदत करणाऱ्यास याच कायद्याने संरक्षण आहे, म्हणून चौकशीच्या धास्तीने कोणी पाठ फिरवू नये. १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर तातडीची मदत मिळते.

चालकाचा नित्यक्रम : घाट लागण्यापूर्वी गाडी बाजूस घेऊन थांबवावी, टायर, ब्रेकचे पॅडल, दिवे व वायपर पाहावेत, मागे बसलेल्यांचे पट्टे स्वतः तपासावेत, झोप येत असल्यास तेथेच विश्रांती घ्यावी आणि मद्य घेतले असल्यास किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. यास फार तर दहा मिनिटे लागतात. त्यानंतर खालचा गिअर टाकून उताराला लागावे.